मला नऊ वेळा विचारलं

अक्काच्या डाव्या मनगटावर बोट टेकवलं की खाली घरघर लागायची. मी वीज कंपनीत लाईनमन आहे. चालू डीपीपाशी उभं राहिलं की अंगाला जी घूं घूं जाणवते, अगदी तशी. डायलिसिससाठी तिथली शीर आणि धमनी जोडून फिस्टुला केला होता, त्यातून रक्त तेवढ्या जोरात धावायचं. रोज सकाळी उठल्यावर हात लावून बघायचं, घरघर चालू आहे ना; बंद पडली तर तडक दवाखाना गाठायचा, असं तिला सांगून ठेवलेलं. त्या हातात घट्ट बांगडी नाही, त्या हातानं कळशी उचलायची नाही, त्या हाताचं बीपी कुणाला बघू द्यायचं नाही.

आठवड्यातून तीनदा मिरजेला, चार-चार तास मशीनवर. जाणं-येणं धरून दिवस गेलाच. पण तिला खरा त्रास पाण्याचा होता. लघवी जवळजवळ बंद झाली होती, त्यामुळे प्यायलेलं सगळं अंगातच साठायचं. चहा, आमटी, ताक सगळं धरून दिवसाला 700 मिली, त्यावर थेंब नाही. सकाळी ती एका स्टीलच्या तांब्यात दिवसाचं पाणी मोजून घ्यायची आणि वर ताटली झाकून ठेवायची. एका मे महिन्यात दुपारी मी अचानक गेलो, तर ती मोरीत उभी राहून चूळ भरत होती. पाणी तोंडात घ्यायची, घोळवायची, थुंकायची, परत घ्यायची. मला बघून दचकली आणि म्हणाली, "गिळलं न्हाई रं."

माझ्याहून सात वर्षांनी मोठी. माझ्या वाटणीचा मार तिनं खाल्लेला. तिनं माझ्यापुढं असा खुलासा करावा, हे मला फार लागलं.

त्याच दिवशी मी किडनी द्यायचं ठरवलं असं मात्र झालं नाही. मला भीती वाटत होती आणि ती भीती पुढं वर्षभर गेली नाही. ऑपरेशनच्या आदल्या रात्रीही ती होतीच.

कायद्यानं जवळचे नातेवाईक म्हणजे कोण हे ठरलेलं आहे. 1994 च्या कायद्यात नवरा-बायको, आईवडील, मुलं आणि सख्खी भावंडं होती. 2011 च्या दुरुस्तीत आजीआजोबा आणि नातवंडं आली. बाकी कुणाला द्यायची असेल तर सरकारनं नेमलेल्या प्राधिकार समितीपुढं जावं लागतं. आमच्या घरात पहिली आई उठली. "माझी घ्या, मला काय करायचीया आता?" आईचं वय 69, वर बीपीची गोळी. डॉक्टरांनी प्रेमानं पण लगेच नको म्हटलं. मग अक्काची पोरगी, 22 वर्षांची. तिचा रक्तगट जुळत होता. अक्कानं तिला तपासणीलाच जाऊ दिलं नाही. "मशीनवर जाईन, पण पोरीच्या पोटाला सुरी लावू द्यायची न्हाई." घेणाऱ्यालाही नको म्हणायचा हक्क असतो हे मला त्या दिवशी कळलं. मृत दात्याची किडनी मिळावी म्हणून तिचं नाव पुण्याच्या झेडटीसीसीमार्फत, म्हणजे अवयव वाटपाचं काम बघणाऱ्या विभागीय केंद्रामार्फत, प्रतीक्षा यादीतही घातलं होतं, पण ती यादी कधी सरकेल याचा भरवसा कुणी देत नाही.

दाजींचाही गट जुळत होता. दाजी तोंडानं नाही म्हणाले नाहीत. तपासणीची तारीख पुढं पुढं ढकलत राहिले. त्यांच्या आईनं मात्र स्पष्ट सांगितलं, घरातला एकच कमावता आहे, त्याला चिरायचा नाही. मला त्यांचा इतका राग आला की दोन महिने मी त्या घरी गेलो की फक्त अक्काशी बोलायचो. राग का गेला ते पुढं सांगतो.

राहिलो मी. माझा गट ओ, अक्काचा बी. म्हणजे चालण्यासारखं.

बायकोला सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती. थापायची थांबली नाही. तवा उतरवल्यावर म्हणाली, "तुम्ही खांबावर चढणारी माणसं. उद्या तुम्हाला काय झालं तर? आणि उद्या आपल्या पोरीला लागली तर कुठनं आणायची?" पहिल्या प्रश्नाला मी काहीतरी बोललो. दुसऱ्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. आजही नाही. अकरा दिवस आमच्या घरात कामापुरतंच बोलणं होतं. बाराव्या दिवशी ती म्हणाली, मला डॉक्टरांना भेटायचंय, तुमच्याशिवाय.

ती आत गेली, मी बाहेर बसलो. तिनं विचारलेलं सगळं तिनं मला नंतर एसटीत सांगितलं. किडनी काढण्याच्या ऑपरेशनमध्ये दाता दगावण्याचं प्रमाण तेव्हा 10,000 मागं साधारण 3 धरायचे. पुढच्या आयुष्यात दात्याचीच किडनी निकामी होण्याचा धोका, अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाप्रमाणं, 10,000 दात्यांमागं 90. तितकीच ठणठणीत माणसं ज्यांनी किडनी दिली नाही, त्यांच्यात 14. "म्हणजे कमी हाय, पण वाढतो," ती म्हणाली. "वाढत न्हाई असं ते म्हणाले असते तर मी सही दिली नसती." डॉक्टर खरं बोलले म्हणून तिचा विश्वास बसला.

तिची सही रुग्णालयानं मागितली होती. विवाहित दात्याच्या जोडीदाराची संमती बरीच रुग्णालयं मागतात. कायद्यात तशी अट नाही. वडिलांना किडनी देऊ पाहणाऱ्या एका विवाहितेच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयानं 2022 साली हेच सांगितलं, की सज्ञान बाईला आपला अवयव द्यायला नवऱ्याची परवानगी लागत नाही. ते बरोबरच आहे. पण मला स्वतःला बायकोची सही हवी होती. महिनाभर मला उठवणारी-बसवणारी तीच होती, आणि तिच्या मनाविरुद्ध टेबलावर झोपणं मला जमलं नसतं.

तपासण्या तीन महिने चालल्या. रक्त किती वेळा दिलं ते मोजायचं सोडलं. 24 तासांची लघवी पाच लिटरच्या कॅनमध्ये गोळा करायची. डीटीपीए स्कॅनमध्ये कुठली किडनी किती काम करते ते कळतं, सीटी अँजिओत रक्तवाहिन्या दिसतात. माझ्या उजव्या किडनीला दोन धमन्या निघाल्या, डावीला एकच. डावीची शीरही लांब असते, जोडायला सोपी. म्हणून डावी ठरली. दोन्ही सारख्याच काम करत होत्या. त्यात डावं-उजवं असतं तर चांगली दात्याकडं ठेवतात, हा नियम मला फार आवडला. दाता तिथं रुग्ण म्हणून आलेला नसतो, तरी त्याचं आधी बघतात.

कागदांनी मात्र जीव काढला. भाऊ-बहीण आहोत हे रक्तानं सिद्ध झालं, ऊती किती जुळतात ते सांगणारा एचएलएचा अहवाल आला, पण कागदावर जमेना. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर अक्काचं माहेरचं नाव, आधार कार्डावर सासरचं. लग्नात नाव बदललेलं, आडनाव बदललेलं. लग्नाची नोंद कधी केलेलीच नव्हती. तलाठ्याकडनं वंशावळ, जुनं रेशनकार्ड, नोटरीकडची प्रतिज्ञापत्रं, असं करत करत ही बाई आणि ती पोरगी एकच आहे हे आम्ही शाबीत केलं. माझं नाव जन्मापासून एकच. मला एकही जादा कागद लागला नाही.

मग मानसोपचार तज्ज्ञ. खोलीत आम्ही दोघंच. साधारण माझ्याच वयाचे, आवाज हळू. झोप कशी लागते, दारू पिता का, बहिणीशी पटतं का, असं बराच वेळ चाललं. मग त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "तुम्हाला द्यायची नसेल तर आत्ता मला सांगा. कारण सांगायची गरज नाही. घरच्यांना आम्ही एवढंच कळवू की तुम्ही वैद्यकीयदृष्ट्या दाता म्हणून बसत नाही. खरं कारण या खोलीबाहेर जाणार नाही. ऑपरेशन थिएटरच्या दारापर्यंत कधीही सांगितलं तरी चालेल."

मी लगेच बोललो नाही. किती वेळ ते सांगता येणार नाही, पण तेवढ्या वेळात मी मनानं दारातून बाहेर जाऊन आलो. घरी आलो, बायकोचा चेहरा बघितला, पोरांना घेऊन जेवायला बसलो, परत खांबावर चढलो. कुणी मला बोल लावत नव्हतं. अक्का म्हणत होती, असूं दे रं, जमलं न्हाई तर न्हाई. हे सगळं दिसलं आणि मग मी म्हटलं, "द्यायचीय." तोपर्यंत मी घरी, गावात, कामावर शंभर वेळा हो म्हटलं असेल. पण माझा होकार खरा झाला तो त्या खोलीत, कारण तिथं नकार माझ्या हातात दिला होता आणि तो फुकट होता.

दाजींवरचा राग त्या दिवशी उतरला. त्यांनी जे केलं ते करायचा त्यांना हक्क होता. फक्त त्यांना ते तारखा ढकलून करावं लागलं, कुणी असं खोलीत बसवून विचारलं नाही.

बाहेर बाकावर आमच्यासारखेच दाते बसले होते. सहा जण होते. पाच बायका आणि मी. दोघी आया, तिघी बायका नवऱ्यांना देणाऱ्या. आमच्या बाकाचं हे गणित काही योगायोगाचं नव्हतं. 1995 ते 2021 या काळात देशात झालेल्या 36,640 प्रत्यारोपणांपैकी 29 हजारांवर पुरुषांना झाली. आणि जिवंत दात्यांत पाचांतल्या चार बायका. 

त्यातली एक सोलापूरकडची होती, तिशीतली. तिच्या मांडीवर लग्नाचा अल्बम होता. नवरा-बायकोच्या प्रकरणात लग्नाचे फोटो, दाखला, मुलांचे कागद सगळं तपासतात. त्याला कारण आहे. 2016 साली मुंबईत दाती बाई रुग्णाची बायको म्हणून उभी केल्याचं उघड झालं, 2022 मध्ये पुण्यात तसंच. त्या पुण्याच्या प्रकरणातली बाई कोल्हापूरची. तिला 15 लाख कबूल केलेले, ते मिळाले नाहीत म्हणून तिनं तक्रार केली तेव्हा सगळं बाहेर आलं. गरज असलेल्या बाईचा अवयव काढून तिला वाऱ्यावर सोडायचं, यापेक्षा हलकं काम मला ठाऊक नाही. अवयवाच्या खरेदी-विक्रीला पाच ते दहा वर्षं कैद आणि 20 लाख ते एक कोटी दंड आहे, आणि तो असायलाच हवा.

पण त्या सोलापूरच्या ताईंचा अल्बम खरा होता, नवरा खरा होता, पोरं खरी होती. मी त्यांना विचारलं, तुम्हाला विचारलं का आत, द्यायचीय का म्हणून? त्या म्हणाल्या, "विचारलं की. मी म्हटलं, विचारायचं काय त्यात?" दाती बाई असेल तर तिची संमती तिची स्वतःची आहे ना, हे रुग्णाशिवाय दुसऱ्या माणसाकडून पक्कं करून घ्यायचं, असं 2014 च्या नियमांत मुद्दाम लिहिलंय. डॉक्टरांनी विचारलंही. दार उघडून धरलं होतं. त्यांना दार आहे हेच कधी कुणी दाखवलं नव्हतं. मला मात्र गावानं वर्षभर अडवलं. सरपंच, मामा, कामावरचे साहेब, सगळे म्हणाले, विचार कर, तू कमावता गडी. त्या ताईही एका शाळेत पोषण आहार शिजवायच्या. त्यांना कुणी कमावती म्हटलं नाही.

जवळच्या नात्यातलं प्रकरण रुग्णालयाची समिती बघते, तिच्यापुढं आमचं बोलणं चित्रीत करतात. आधी वेगवेगळं, मग दोघांना एकत्र. सातव्या का आठव्या वेळी तोच प्रश्न, मर्जीनं का. मग एका बाईंनी विचारलं, "तुमच्या दोघांत पैशाचा, जमिनीचा काही व्यवहार आहे का?"

मी नाही म्हटलं. खरंच नव्हता. पण माझ्या कानशिलात गरम झालं, कारण मला 2014 आठवलं.

वडील 2013 ला गेले. विहिरीवरची अडीच एकर. पुढच्या वर्षी हक्कसोडपत्र करायचं ठरलं, म्हणजे आमचं ठरलं, अक्काला कळवलं. ती सकाळच्या एसटीनं आली. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत गर्दी होती, पण आमचा नंबर लवकर लागला. वकिलानं बोटानं जागा दाखवली. तिनं विचारलं, "कुठं कुठं सही करू?" एवढंच. पाच मिनिटांत संपलं. बाहेर रसवंतीवर आम्ही रस प्यायलो, आईनं आणलेली साडी तिला दिली, आणि ती दुपारच्या गाडीनं गेली, कारण म्हशीची धार काढायची होती. हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीनं त्या जमिनीत तिचा माझ्याइतकाच हक्क होता. तो तिला हवाय का, हे मी विचारलं नव्हतं. एकदाही नाही. आमच्या गावात कुणीच विचारत नाही आणि हे मी सबब म्हणून सांगत नाही.

मला एका किडनीसाठी नऊ वेळा विचारलं. शेवटचं, टेबलावर झोपवल्यावर भूलतज्ज्ञ बाईंनी मास्क हातात धरून.

ऑपरेशन फेब्रुवारी 2023 मध्ये झालं. दुर्बिणीनं, पोटाला चार लहान भोकं आणि किडनी काढायला खाली एक आडवा छेद. मला वाटलं होतं पोट दुखेल. पोटापेक्षा खांदा दुखला. पोटात भरलेल्या गॅसमुळं दुखतो म्हणे, दोन दिवस उजव्या खांद्यात कुणी पाना फिरवतंय असं वाटत होतं. दुसऱ्या दिवशी उठवून चालवलं. चौथ्या दिवशी सोडलं. तीन महिने खांब नाही, वजन नाही. सबस्टेशनला बसून रीडिंग लिहायचं काम दिलं. आता वर्षाला एकदा क्रिएटिनिन, बीपी, लघवीतली प्रथिनं तपासायची. क्रिएटिनिन म्हणजे किडनीनं रक्तातनं बाहेर टाकायचा कचरा, किडनी थकली की तो आकडा चढतो. अंगदुखीच्या गोळ्या मेडिकलमधून मनानं घ्यायच्या नाहीत. माझं क्रिएटिनिन 0.9 होतं, ते 1.2 वर थांबलं. राहिलेली किडनी हळूहळू मोठी होऊन जास्तीचं काम अंगावर घेते.

तिसऱ्या दिवशी मला अक्काला काचेतून बघू दिलं. नवी किडनी पोटात खाली उजवीकडं बसवतात, जुन्या तशाच राहतात. टेबलावरच लघवी सुरू झाली होती आणि थांबत नव्हती. नर्स दर तासाला पिशवीतलं मोजून वहीत लिहायची, आणि जेवढी गेली त्या हिशेबानं पाणी प्यायला सांगायची. अक्काच्या हातात लिटरची बाटली होती. तिनं एक घोट घेतला आणि थांबली. सवयीनं बाटली डोळ्यांपुढं धरून किती उरलं ते बघितलं. नर्स काहीतरी बोलली. मग अक्कानं बाटली तोंडाला लावली आणि मान वर करून पीत राहिली, हनुवटीवरनं गळ्यात ओघळ गेला तरी थांबली नाही. काचेमुळं आवाज येत नव्हता. मी तिथं उभा राहून रडलो.

सहाव्या दिवशी तिचं क्रिएटिनिन 9.4 वरून 1.1 वर आलं. अंगानं नवी किडनी नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस आणि बाकीच्या गोळ्या सकाळी आठ, रात्री आठ, आयुष्यभर. फिस्टुला अजून आहे, घरघर आहे.

गावात माझा सत्कार झाला. कुणीतरी मोबाईलवर फिरवलं, "भावानं ओवाळणीत किडनी घातली." मला ते वाचवेना. ओवाळणी घालायची तर आधी ताट लागतं, आणि अक्कानं माझ्यापुढं ताट कधी धरलंच नव्हतं. दुसरंही कानावर आलं, "तिनं जमीन सोडली, यानं किडनी दिली, फिटलं." हे जास्त खोल लागलं, कारण सांगणाऱ्याला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. आणि अक्का बदलली. पूर्वी मला तोंडावर शिव्या द्यायची, आता मी काहीही बोललो तरी हो म्हणायची. मी आलो की दाजी उठून खुर्ची द्यायचे. देणाऱ्याला असं देव्हाऱ्यात बसवलं की घेणाऱ्याचं तोंड बंद होतं. मला माझी भांडणारी अक्का हवी होती.

जमिनीचं मी बायकोशी बोललो. ती म्हणाली, "हे तुम्ही आधीच करायला पायजे होतं." वकील म्हणाला, बक्षीसपत्र करता येईल. मग गेल्या महिन्यात मी अक्काकडं गेलो. आई नाही, दाजी नाहीत, पोरगी कामावर गेलेली, अशी वेळ बघून. आम्ही दोघंच सोप्यात बसलो आणि मी विचारलं, विहिरीवरच्या रानातली सव्वा एकर तुझी तुझ्या नावावर करून हवीय का.

ती बोलली नाही. मी म्हटलं, "लगेच सांगू नको. आणि नको असंल तर तसं सांग. घरच्यांना मी सांगीन कागदात अडचण निघाली म्हणून."

अक्का उठली. माठातनं तांब्याभर पाणी घेतलं, उभ्यानंच प्यायली, तांब्या पालथा घातला आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "विचार करून सांगते."